दोरी बांधलेली बाटली

३ सप्टेंबर

चि. ठिणगी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आईची तब्येत ठीक आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. अप्पा गेल्यापासून मी तुला फक्त आईच्या रक्तदाबाची पोस्टकार्डं पाठवतो, असं तुझी वहिनी मला येता-जाता ऐकवते. आजचं पत्र रक्तदाबाचं नाही. म्हणजे माझा वाढलाय, पण ती गोष्ट वेगळी.

शाळेतून निवृत्त झालो आणि घरात मी सगळ्यांच्या पायात पायात यायला लागलो. म्हणून एक दिवस मागच्या शेडचं कुलूप काढलं. अप्पांची पिकअप तिथे तशीच उभी होती, चाकं बसलेली, टपावर कबुतरांनी संसार मांडलेला. चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला ते बघवेना. गंज खरवडला, पोचे काढले, रंग दिला. रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, त्यामुळे तो झकास जमलाय. जुनाच निळा, अप्पांचा. इंजिन चौकातल्या मिस्त्रीने सुरू करून दिलं. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा आई हातातलं काम टाकून शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

पण क्लच. पेडल दाबलं की ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं थेट खाली जातं आणि गिअर टाकताना असा आवाज येतो की शेजारी खिडक्या लावून घेतात. मिस्त्री म्हणाला, "सर, हा जुना तेलाच्या दाबावरचा क्लच. हे काम तुमच्या वडिलांचं, नाहीतर तुमच्या बहिणीचं. मी हात लावत नाही." हे त्याने तुझ्या वहिनीसमोर म्हणायला नको होतं. तेव्हापासून ती रोज विचारते, "लिहिलंत का?"

तर लिहिलं. काय करायचं ते सविस्तर कळव. मला अगदीच काही कळत नाही असं समजून लिहू नकोस.

तुझा,
दादा


११ सप्टेंबर

ती. दादा,

नमस्कार. तीन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तोही क्लचचा. असो, मला दुसरं येतं तरी काय.

बंदरावर सध्या दोन क्रेन बंद आहेत, त्यामुळे थोडक्यात लिहिते. पेडलच्या मागे एक सिलिंडर आहे, तो वरचा. गिअरबॉक्सपाशी दुसरा, तो खालचा. मध्ये नळी, नळीत तेल. तू पाय दाबलास की वरच्याने ढकललेलं तेल खालच्याला ढकलतं आणि खालचा क्लच सोडवतो. बस, एवढीच गंमत. दोन्ही सिलिंडरच्या आत रबरं असतात, ती दाब धरून ठेवतात. तीन वर्षं उभ्या गाडीत ती वाळून तडकली असणार. दोन्ही सिलिंडर उतरव, उघड, आतली भिंत बोटाने चाचपून बघ, खरवड लागते का. रबरांचा संच जुन्या बाजारात मिळेल. जुनं रबर सोबत घेऊन जा, नुसतं तोंडाने सांगू नकोस.

आता एक गोष्ट नीट वाच, दादा. त्या गाडीत क्लचची आणि ब्रेकची तेलाची टाकी एकच आहे. क्लच गेला तर गाडी जागची हलत नाही, माणूस नुसता चिडतो. ब्रेकचं तसं नाही. आपल्या घराच्या फाटकापासून वीस पावलांवर उतार लागतो तो थेट स्टेशनपर्यंत, आणि वळणावळणाला दरी आहे, हे तुला मी सांगायला नको. म्हणून टाकीत काय जातंय त्याकडे लक्ष ठेव.

आणि एक विचारू? गाडी विकायला काढलीयेस का? विकायचीच असेल तर सरळ सांग. अप्पांचं लेथ मशीन गेल्याचं मला भंगारवाल्याकडून कळलं होतं. हे तरी तुझ्याकडून कळू दे.

आईला सांग, मी जेवते वेळेवर.

ठिणगी


१९ सप्टेंबर

चि. ठिणगी,

दोन्ही सिलिंडर उतरले. एका वाक्यात लिहिलं म्हणून ते एका वाक्यात झालं असं समजू नकोस. खालच्याचा एक बोल्ट दोन दिवस हलेना. मी गाडीखाली पाठीवर पडून त्याला समजावलं, धमकावलं, शेवटी शिव्या दिल्या. वहिनी शेडमध्ये येऊन म्हणाली, "शाळेत हेच शब्द वापरायचात का?" त्या शब्दांनीच बोल्ट सुटला, याची नोंद घे.

आतली रबरं तू म्हणालीस तशीच निघाली, चुरा हातात आला. भिंत गुळगुळीत आहे. रबरांचा संच बाजारात मिळाला, जुनं रबर दाखवूनच घेतला. सगळं बसवलं आहे. सोबत वरच्या सिलिंडरचं उभं छेदचित्र काढून पाठवतोय, छायाप्रकाशासकट. म्हणजे आम्ही काय केलं ते तुला तिथे बसून दिसेल आणि "मला कळत नाही" हा तुझा समजही दूर होईल.

आता तेल भरून हवा काढायची असते, असं मिस्त्री ओझरतं म्हणाला. कशी, ते लिही.

आई बरी आहे. तुझं पत्र उशीखाली ठेवते. माझं कधी ठेवलं नाही.

दादा


२७ सप्टेंबर

ती. दादा,

चित्र पाहिलं. फार सुंदर आहे. आमच्या फोरमनने ते मागून घेतलं आणि वर्कशॉपच्या भिंतीला लावलं. पण त्यात रबराची कड उलटी आहे. तू चित्रात चुकलास की गाडीत? तुला ओळखते मी, तू डोळ्यांना दिसतं तेच काढतोस. तेव्हा गाडीतच. उघड परत. कडेचं पसरट तोंड तेलाच्या बाजूला हवं, पेडलच्या बाजूला नको.

तू विकण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. समजले.

हवा काढायची ती अशी. खालच्या सिलिंडरवर एक छोटं निपल आहे. त्यावर पारदर्शक नळी चढव, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडव. एक माणूस पेडलवर, एक गाडीखाली. वरचा दाबून धरतो, खालचा निपल उघडतो, तेलाबरोबर बुडबुडे येतात, खालचा निपल बंद करतो आणि मगच वरचा पाय सोडतो. आधी सोडला तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. दरम्यान टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. तेल ब्रेकचंच, दुकानातून नवं, सीलबंद. एका डब्यात भागणार नाही, दोन आण.

माझी रजा मंजूर झाली. इथून आपल्याकडची गाडी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. नऊ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, पोचेन. आईसाठी येतेय. स्टेशनवर टॅक्सी मिळते ना अजून? अप्पा होते तेव्हा कधी विचारावं लागलं नाही.

ठिणगी


८ ऑक्टोबर

चि. ठिणगी,

झालं! पेडल आता पायाखाली असं घट्ट लागतं की काय सांगू. गिअर लोण्यात सुरी फिरवावी तसा पडतो. (रबर परत उघडून सुलटं केलं. त्याबद्दल अधिक चर्चा नको.)

पेडलवर तुझ्या वहिनीला बसवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही तिच्यावर एवढा कधी ओरडलो नव्हतो. मी खालून "दाब!" म्हणायचो, ती दाबायची. मी "धर!" म्हणायचो, ती वरून विचारायची, "किती वेळ?" मी म्हणायचो, "सोड म्हणेपर्यंत!" ती म्हणायची, "तुम्ही सोड म्हणालात ना आत्ता!" आणि पाय सोडायची. की हवा परत आत. असं चार-पाचदा झाल्यावर आई खुर्ची घेऊन शेडमध्ये येऊन बसली. म्हणाली, "टीव्हीपेक्षा बरं आहे."

या गडबडीत डबा संपला. तू दोन सांगितले होतेस, मी एकच आणला होता. दुकानदाराने दोन देऊ का विचारलं तेव्हा मी त्याला म्हणालो होतो की मला कळतं किती लागतं ते. दुकान बंद झालेलं, टाकी तळाला आलेली, वहिनीचा पाय पेडलवर. आणि मग मला अप्पांच्या वरच्या फळीवर ती दिसली. बाकी सगळ्या बाटल्यांपासून वेगळी, कोपऱ्यात, गळ्याला सुतळीची गाठ मारलेली, गच्च भरलेली बाटली. आठवतं ना, आई पाहुण्यांसाठीच्या सुक्या मेव्याच्या बरणीला दोरी बांधून वर ठेवायची? चांगली वस्तू, म्हणून आपण हात लावायचा नाही. मी लगेच ओळखलं, अप्पांनी आपल्या गाडीसाठी राखून ठेवलेलं उत्तम तेल. झाकण उघडलं, स्वच्छ, पारदर्शक. त्यावर सगळं निभावलं. एवढं उरलं की जाता जाता ब्रेकचीही हवा काढून टाकली, चारी चाकांची. तू टाकीकडे लक्ष ठेव म्हणाली होतीस ना? लक्ष ठेवलं. जुनं काळं तेल सगळं बाहेर, अप्पांचं तेल आत.

तर आता मिस्त्रीला सांगायला हरकत नाही की हे काम तुझ्या भावाचंही आहे.

स्टेशनवर टॅक्सी सांगून ठेवतो. काळजी करू नकोस.

दादा

(याच पाकिटात घडी केलेली वेगळी चिठ्ठी)

वन्सं,

हे पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घुसडते. यांना कळवू नका. टॅक्सीबिक्सी काही नाही. गाडी विकायची नाहीये, ती तुम्हाला स्टेशनवरून आणायला केलीये. सहा महिने हे तिच्यामागे आहेत. अप्पा आणायचे तसं आणायचं, एवढंच डोक्यात आहे. तोंडाने सांगणार नाहीत. एकोणीस तारखेला, रविवारी सकाळी, रंगीत तालीम आहे, स्टेशनपर्यंत खाली जाऊन यायचं. मी आणि सासूबाई बरोबर. त्यांना मध्ये बसवायला उशी शिवलीये. तुम्ही आलात की आश्चर्य वाटल्याचं नाटक तेवढं करा.

तुमची,
वहिनी


१६ ऑक्टोबर, गुरुवार
तारघर

दादा,

तुझं पत्र आज जेवणाच्या सुट्टीत मिळालं. आधी हसत वाचलं. मग बाटलीपाशी आले आणि उभीच राहिले.

ते ब्रेकचं तेल नाही. ते गाडी उचलायच्या जॅकचं तेल आहे. अप्पांच्या शेडमध्ये सुतळीची गाठ म्हणजे रबराजवळ न्यायचं नाही. हात तेलकट, कागदाच्या चिठ्ठ्या टिकत नसत, म्हणून ते गाठ मारायचे. मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आहे ही. तू तेव्हा समोरच्या खोलीत चित्रं काढत असायचास, तुला कोण सांगणार? आणि मी सांगायला हवं होतं ते मला सुचलंच नाही, कारण मला ते कुणाला सांगावं लागेल असं कधी वाटलं नाही.

जॅकच्या तेलात हे रबर फुगतं. आज टाकलं आणि आज बिघडलं असं होत नाही. आठ-दहा दिवस सगळं उत्तम चालतं, पेडल घट्ट लागतं, माणूस खूश होतो. मग रबर मऊ पडतं आणि दाब सोडतं. तू ते ब्रेकमध्येही घातलंस. चारी चाकांत.

रविवारी अकरा दिवस होतील.

आपल्या चौकातल्या औषधाच्या दुकानातल्या फोनवर दुपारपासून लावतेय. तुमच्याकडच्या वादळाने खांब पडलेत, लाइन कधी जोडतील ते ऑपरेटरला सांगता येत नाही. तार केली आहे. इथल्या बाबूने घेतली, पण म्हणाला की तीही त्याच खांबांवरून जाते, पोचेल तेव्हा पोचेल. मी त्याला विचारलं, रविवारच्या आत? त्याने माझ्याकडे बघून पेन खाली ठेवलं.

उद्याच्या गाडीत बसले तरी रविवारी दुपारी पोचणार. तुम्ही सकाळी निघणार. म्हणून इथेच थांबतेय, लाइन जोडली गेली तर निदान फोन लागेल. हे पत्र रविवारनंतर मिळेल हे मला कळतं. तरी लिहितेय. हात रिकामे ठेवले तर मी या टेबलावर डोकं आपटून घेईन.

दादा, आईला मध्ये बसवणार आहेस. ती उशीवर बसेल आणि समोरच्या पट्टीला धरेल. अप्पांबरोबर जाताना धरायची तशी. पहिल्या वळणापर्यंत ब्रेक लागेल. दुसऱ्यालाही कदाचित लागेल.

गाडी विकायची नव्हती हे मला वहिनींनी कळवलं. तू का नाही कळवलंस रे? मी तुला काय काय लिहिलं त्या पत्रांत.

जाऊ नकोस. वाटलं तर मला अप्पांसमोर कधी बोलला नसशील असं बोल, मिस्त्रीला सांग की सगळी चूक माझी. पण जाऊ नकोस.

ठिणगी


१९ ऑक्टोबर, रविवार

ठिणगी,

हे पत्र रागाने लिहितोय, हे आधीच सांगतो.

तुझ्या त्या क्लचने आज चारचौघांत माझं नाक कापलं. सकाळी मी, तुझी वहिनी आणि आई, तिघं गाडीत बसलो. कुठे जात होतो ते विचारू नकोस. फाटकापाशी अख्खी गल्ली जमलेली, मिस्त्री हाताची घडी घालून उभा. आईने नवं पातळ नेसलं होतं. मी इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला. जरा कुरकुरला, पण पडला. गाडी शेडमधून निघाली. फाटकातून बाहेर पडताना एक सायकलवाला आडवा आला, म्हणून क्लच दाबला, ब्रेक दाबला. क्लचचं पेडल पुन्हा त्या ओल्या गादीसारखं! काही म्हणजे काही लागेना. गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडून अर्धी आत, अर्धी रस्त्यात अशी उभी राहिली. निदान ब्रेक तरी नीट लागला, नाहीतर सायकलवाला गेला असता. पुन्हा सुरू केलं तर गिअर पडेना. मिस्त्री जवळ येऊन म्हणाला, "सर, बहिणीला विचारलं होतंत ना?" लोकांनी गाडी ढकलत परत शेडमध्ये लावली. आई गाडीतच बसून होती. तिला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

सांग आता. रबर सुलटं केलं, हवा काढली, तू म्हणालीस तसं एकूण एक केलं. बंदरावरच्या क्रेन चालवता म्हणे तुम्ही लोक. माझ्या एका क्लचला तुझी विद्या पुरली नाही. तुझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून मी

(खाली, वेगळ्या शाईत)

तुझी तार आली.

दुपारी आली. पोस्टमन सायकल टाकून पळत आला, म्हणाला तारेची लाइन तासाभरापूर्वी जोडली, फोन अजून बंदच, तार गुरुवारची आहे. "गाडी हलवू नका ब्रेक जाणार दोरीची बाटली जॅकचे तेल." मी ती दोनदा वाचली आणि मग शेडमध्ये गेलो.

गाडीत बसलो. ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबला. आधी लागला. मी म्हटलं, बघ, ठिणगी उगाच घाबरवते. पाय तसाच दाबून धरला. आणि मग तो खाली जायला लागला. हळूहळू, अजिबात घाई न करता, माझ्या पायाखालून फळीपर्यंत. पुन्हा दाबला. या वेळी लागलाच नाही.

म्हणजे सकाळी गाडी ब्रेकने थांबली नव्हती. क्लच सुटेना म्हणून इंजिन बंद पडलं आणि त्याने गाडी धरली. क्लच जर नीट चालला असता, तर आम्ही फाटकातून निघालो असतो. वीस पावलांवर उतार. तुझी वहिनी खिडकीशी. आई मध्ये.

मी गाडीतून उतरलो. चाकाला टेकून खाली बसलो. आई शोधत आली. तिला काय झालं ते सांगावं लागलं, लपवायला तोंड राहिलं नव्हतं. तिने ती रिकामी बाटली हातात घेतली, गाठ बघितली. म्हणाली, "ही गाठ माझ्याकडून शिकले ते. मी म्हटलं होतं, मुलांनी हात लावू नये असं वाटलं की दोरी बांधा. धाकटी तर कधी हात लावायची नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मात्र लहानपणीही दोरी दिसली की आधी तिकडेच जायचास."

मी हसलो आणि मग मला रडू आलं. आईसमोर. या वयात.

पोस्टमनला थांबवून घेतलं होतं, त्याच्याच हाती उलट तार दिली आहे, क्लच गेला, सगळे सुखरूप म्हणून. वरचं जे लिहिलंय ते फाडणार होतो. नाही फाडत. तू वाच. तू तिकडे गुरुवारपासून कशी असशील, आणि मी इथे बसून तुला काय लिहीत होतो.

गाडी विकायची नव्हती, ठिणगी. तुला आणायची होती. अप्पा गेल्यावर तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा टॅक्सीतून उतरलीस, आणि ड्रायव्हरला पैसे देताना तू घराकडे न बघता शेडकडे बघत होतीस. ते मला बघवलं नव्हतं. हे मी सरळ लिहायला हवं होतं, पण क्लचबद्दल लिहिणं सोपं गेलं.

अक्षर आज वेडंवाकडं आलंय. चित्रकलेच्या सरांचं अक्षर म्हणून कुणाला दाखवू नकोस.

दादा


२७ ऑक्टोबर

ती. दादा,

तुझी तार सोमवारी सकाळी मिळाली. त्याआधीचे तीन दिवस मी तुला कधीच सांगणार नाही, आणि तू विचारू नकोस. "सुखरूप" हा शब्द बघितला आणि तारघराच्या पायरीवर बसले. तो बाबू पाणी घेऊन आला. त्याला मी काय म्हणाले असेन? "क्लच गेला! क्लच गेला!" त्याला वाटलं कुणीतरी जवळचं गेलं. बिचारा सांत्वन करत बसला.

पत्र आज आलं. रागाचा भाग मी दोनदा वाचला. मला तो फार आवडला. रागावायला तू आहेस, हे कागदावर दिसत होतं.

आता काम. गाडीला हात लावायचा नाही. चाकांखाली दगड लाव, किल्ली आईकडे दे. त्या तेलाने भिजलेलं एकही रबर आता वापरायचं नाही, क्लचचं नाही, ब्रेकचं नाही, नळ्याही नाहीत. "हे तर अजून चांगलं दिसतंय" असं तुला वाटेल. दिसण्यावर जाऊ नकोस. नळ्या आणि सिलिंडर स्पिरिटने धुऊन घ्यायचे आहेत, पण ते मी आल्यावर. सगळी नवी रबरं मी इथून घेऊन येतेय, पेटीच्या वरच्या बाजूला ठेवली आहेत. फोरमनने तुझ्या चित्राच्या बदल्यात दिली. आता तरी कबूल कर की तुझी कला उपयोगाची आहे.

माझी रजा पंधरा दिवसांची आहे. काम चार दिवसांचं. हवा काढताना मी गाडीखाली असेन. पेडलवर वहिनींना बसवायचं नाही, तू बसायचंस. मी "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरायचं, आणि किती वेळ असं विचारायचं नाही. आई खुर्ची घेऊन बसेलच.

आणि दादा, दुसऱ्या पत्रात तू लिहिलं होतंस, आई तुझं पत्र कधी उशीखाली ठेवत नाही. तुझी ही दोन रंगांची शाई माझ्या उशीखाली आहे.

नऊ तारखेला दुपारी पोचते. टॅक्सी सांगू नकोस. तुला गाडी चालवत यायचं होतं हे मला माहीत आहे, पण तू बसने ये. बस चुकली तर पायी ये, उतारच आहे. फलाटावर उभा राहा, अप्पा उभे राहायचे तिथे, नळाशेजारच्या खांबापाशी. मी डब्याच्या दारात असेन. मला दुरून आधी तू दिसायला हवास.

तुझी,
ठिणगी